ॲनिमोनीचे आजारपण

ॲनिमोनी हा समुद्रात खडकाला चिकटून राहणारा मऊ अंगाचा प्राणी आहे. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, हाड नाही, डोळा नाही. खाली चकतीवजा एक पाय, वर एक तोंड आणि तोंडाभोवती दंशपेशींनी भरलेले लांब संस्पर्शक, एवढाच संसार. पोटाला वाट एकच; अन्न जिथून आत जाते तिथूनच उरलेसुरले बाहेर येते. डोके नसल्यामुळे ॲनिमोनीला डोकेदुखी होत नाही. ती पाळणाऱ्याला होते, आणि घरगुती ॲनिमोनीपालनाचा सगळा व्यवहार या वाटणीवरच चालतो.

रीफ टाकीत, म्हणजे खारे पाणी भरून प्रवाळ आणि खडक मांडलेल्या काचेच्या टाकीत, बहुधा जी जात ठेवतात तिचे शास्त्रीय नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर. हौशी मंडळी तिला बबल टिप म्हणतात, कारण तिच्या संस्पर्शकांची टोके कधीकधी फुगून गोल होतात. कधीकधीच का, आणि एरवी का नाही, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. एक पक्ष म्हणतो प्रकाशामुळे, दुसरा म्हणतो खाण्यामुळे, तिसरा म्हणतो मासा सोबतीला असला की फुगतात. ज्याच्या टाकीत टोके फुगलेली असतात तो आपल्या टाकीत त्या आठवड्यात जे काही चालले असेल त्यालाच कारण मानतो, आणि टोके पुन्हा लांब-बारीक झाली की विषय बदलतो. ही जात तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंतच्या प्रवाळभिंतींवर सापडते. तिथे तिची टोके फुगली की नाहीत हे रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन कोणी पाहत नाही.

ॲनिमोनी घरात येते ती बहुधा क्लाउनफिशच्या वशिल्याने. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा मुलांच्या ओळखीचा झाला. मुलाला मासा हवा असतो, माशाला ॲनिमोनी हवी असते असे चित्रपटात दिसते, म्हणून वडील दोन्ही आणतात. समुद्रापुरते हे खरे आहे. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे क्लाउनफिशला ॲनिमोनीचा डंख बाधत नाही, तिच्या संस्पर्शकांत त्याला मोठ्या माशांपासून आसरा मिळतो, आणि त्याच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया खत म्हणून तिच्या कामी येतो. घरच्या टाकीत मात्र क्लाउनफिशला खायला कोणी टपलेले नसते. तिथे त्याचे ॲनिमोनीवाचून काहीही अडत नाही. माणसाने पैदास केलेले क्लाउनफिश कित्येकदा तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि पाणी ढवळणाऱ्या पंपालाच अंग घासत राहतात. मासा पंपावर जीव लावून बसतो, मालक ॲनिमोनीकडे पाहत बसतो आणि ॲनिमोनी कोणाकडेच पाहत नाही. चित्रपटाने आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. जोडीतली मादी मेली की मागे राहिलेला नर मादी होतो. म्हणजे निमोची आई गेल्यावर निमोचे बाबा यथावकाश निमोची आई झाले असते. ही माहिती मुलांना कोणत्या वयात द्यावी याबद्दल घरोघर दुमत आहे.

ॲनिमोनीच्या अंगाला जी तपकिरी छटा असते ती तिची स्वतःची नसते. तिच्या ऊतींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहायला असतात. ती प्रकाशात अन्न तयार करतात आणि भाडे म्हणून त्यातला मोठा वाटा घरमालकिणीला देतात. पाणी फार तापले किंवा प्रकाश अचानक कमीजास्त झाला की मालकीण भाडेकरूंना बाहेर काढते आणि मग भाड्यावाचून स्वतःच उपाशी राहते. हा प्रकार मुंबईकरांना समजावून सांगावा लागत नाही. भाडेकरू गेले की अंग फिकट आणि शेवटी पांढरे पडते. गंमत अशी की पांढरी ॲनिमोनी दिसायला फार देखणी असते. दुकानात ती दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. त्याहून दुर्मीळ म्हणजे पिवळीधमक किंवा गुलाबी. ती बहुधा पांढरी पडल्यावर रंगवलेली असते. अशा खरेदीत रोग्याला घरी आणून आजारपणाचे पैसे वर मोजले जातात.

आजाराची लक्षणे पाहण्याआधी आजार नसल्याची लक्षणे पाहणे बरे, कारण बहुतेक धावपळ त्यांच्यावरूनच होते. ॲनिमोनीला सांगाडा नसतो. अंगात भरून घेतलेले पाणी हाच तिचा कणा. आतले जुने पाणी आणि मळ टाकून नवे पाणी घ्यायचे असले की ती आकसते, चुरगळते, ओळखू येणार नाही इतकी लहान होते आणि काही तासांनी पुन्हा भरते. तोंडातून तपकिरी धागे बाहेर येतात, ते फेकलेल्या शैवालाचे असतात. हे तिचे रोजचे आन्हिक आहे. मधल्या त्या काही तासांत घरात जे घडते त्याला उपचार म्हणतात. रात्री अकराला मालकाची नजर टाकीकडे जाते. दिवे लागतात, टॉर्च निघते, झोपलेली माणसे उठवली जातात. पंपाची दिशा फिरवली जाते, खडक हलवला जातो, कुठून तरी आणलेली बाटली उघडून चार थेंब पाण्यात पडतात. सकाळी ॲनिमोनी टवटवीत दिसते, आणि ते चार थेंब कायमचे औषधांच्या यादीत जातात. त्या रात्री काहीच केले नसते तरी सकाळी ती टवटवीतच दिसली असती, ही शक्यता पडताळून पाहण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते.

खरी लक्षणे वेगळी असतात. आकसलेली ॲनिमोनी दिवस उलटला तरी भरत नाही. घट्ट मिटलेले असावे ते तोंड सैल उघडे पडते किंवा आतला भाग बाहेर उलटतो. पायाची पकड सुटते आणि ती वाऱ्यावर सोडलेल्या पिशवीगत टाकीभर फिरते. संस्पर्शकांचा चिकटपणा जातो. अंग पांढरे पडते, पायाला चीर दिसते. यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली की ॲनिमोनी खरोखर ताणाखाली आहे असे समजावे. ती मेली आहे का, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. त्याची परीक्षा नाकाने होते. मेलेली ॲनिमोनी कुजायला वेळ लावत नाही, आणि तो वास एकदा आला की कोणी दुसऱ्याचे मत विचारत नाही. ज्याला शंका आहे, त्याची ॲनिमोनी बहुधा जिवंत आहे.

ताणाचे कारण दहात नऊ वेळा पाणी असते. टाकी नवी असेल तर दुसरे कारण शोधूच नये. मासे आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो. खडकावर आणि वाळूत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ही वस्ती बसायला वेळ लागतो. म्हणून टाकी सहा महिने ते वर्षभर सुरळीत चालल्यावरच ॲनिमोनी आणावी असे जाणते सांगतात. हा सल्ला सगळेच ऐकतात. फक्त तो ॲनिमोनी आणल्यानंतरच्या आठवड्यात ऐकतात.

पाण्याचे आकडे ठरलेले आहेत. तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, क्षार हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो १० पीपीएमच्या आत. हे आकडे टाकीवाल्याला तोंडपाठ असतात. त्याने स्वतःची साखर गेल्या दिवाळीपासून तपासलेली नसते, रक्तदाबाचा विषय काढला की तो चिडतो. टाकीचा नायट्रेट मात्र दर रविवारी न्याहारीआधी पाहिला जातो. तपासणी रंगांवरून होते. नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचे आणि आलेला रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा. पट्टीवर नारिंगीच्या पाच छटा असतात आणि नळीत सहावी असते. मालकाच्या लेखी त्या सगळ्या नारिंगीच. मग आतून कोणाला तरी बोलावले जाते आणि ‘ही शेंदरी नाही, गाजरी आहे’ असा निकाल मिळतो. टाकीच्या बाबतीत घरातल्या इतरांचे मत मागितले जाण्याचा हा एकमेव प्रसंग.

आकड्यांपेक्षाही ते न हलणे महत्त्वाचे असते. समुद्र एवढा अफाट आहे की त्याचा खारटपणा एका संध्याकाळीत बदलत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत तो घरातल्या एका प्रेमळ माणसामुळे बदलू शकतो. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ मागेच राहते. म्हणून घटलेली पातळी शुद्ध गोड्या पाण्याने भरायची असते. पण समुद्राचा प्राणी म्हटल्यावर त्याला खारट पाणीच घालायला हवे असे तर्काला वाटते, आणि मदतीच्या भावनेने कोणी रोज तांब्याभर मिठाचे पाणी ओतू लागते. महिन्याभरात टाकीचा मृत समुद्र होऊ लागतो. त्यातही ओतणाऱ्याच्या हातातला तांब्या खरोखर तांब्याचा असेल तर दुखणे दुहेरी, कारण अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अगदी थोडेसुद्धा बाधते. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, आणि माशाला वाचवायला टाकलेला डोस ॲनिमोनीला भोवतो. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी प्रकृतीला उत्तम, अशी श्रद्धा असलेल्या घरात ही गोष्ट पहिल्या दिवशीच जाहीर करावी लागते.

नळाचे पाणी क्लोरीनमुळे चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचेही भरवशाचे नसते, कारण पुष्कळ यंत्रे चवीसाठी थोडे क्षार पाण्यात राहू देतात. म्हणून टाकीसाठी वेगळे, अधिक काटेकोर यंत्र येते. घरात सगळ्यात शुद्ध पाणी कोणाला मिळते या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसापासून बदलते. उन्हाळ्यात पुढचा टप्पा. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात दिव्यांखालची टाकी सहज तिशी ओलांडते. त्यावर उपाय चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून घेतो आणि ती खोलीत सोडतो. खोली तापते म्हणून एसी येतो. त्या एसीत सगळे कुटुंब गारेगार झोपते, आणि विजेचे बिल आले की ते ॲनिमोनीच्या नावावर मांडले जाते. वीज गेली तर पंप थांबतात, पाण्यातला ऑक्सिजन उतरू लागतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी असावा लागतो. घरातले बाकीचे लोक अंधारात मेणबत्ती शोधत असतात.

लक्षणे आणि कारणे यांच्या मध्ये सल्लागार उभे असतात. दुकानदार म्हणतो, “दोन दिवस द्या साहेब, सेट होईल.” दोन दिवसांनी तो पुन्हा दोन दिवस मागतो. अनुभवी हौशी माणूस फोटो पाहून “प्रकाश कमी पडतोय” म्हणतो, त्याच्याहून अनुभवी माणूस तोच फोटो पाहून “प्रकाश जास्त होतोय” म्हणतो. दोघांचेही बरोबर असू शकते, कारण कमी प्रकाशाची सवय असलेल्या ॲनिमोनीला एकदम भरपूर प्रकाश दिला तर दोन्ही चुका एकाच आठवड्यात होतात. आजारपणाची बातमी पसरली की भेटायला लोक येतात. ते टाकीसमोर उभे राहतात, हळू आवाजात बोलतात आणि काचेवर टिचकी मारतात. शेजारचे काका, “यापेक्षा गोल्डफिश बरा,” असे सांगून जातात. आजी दोन दिवस गप्प राहून शेवटी, “अरे, तिला काहीतरी दे की,” म्हणते. मालवणहून आलेले पाहुणे सगळे शांतपणे पाहून एकच प्रश्न विचारतात: “हे खातात काय हो?” स्पेनच्या कादिझ भागात ॲनिमोनीची एक जात पिठात घोळवून, तळून आवडीने खाल्ली जाते. ही माहिती त्या क्षणी पाहुण्यांना देऊ नये.

आता उपचार. पहिला उपचार पाण्याचा. नव्याने कालवलेल्या, तापमान आणि क्षार आधी जुळवून घेतलेल्या पाण्याने टाकीतले दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे. एकदम अर्धी टाकी बदलणे म्हणजे एका ताणावर दुसरा ताण देणे, आणि तेच करण्याची इच्छा सर्वांत अनावर असते. दुसरा उपचार गाळणीत सक्रिय कोळशाची पिशवी ठेवणे. शेजारच्या मऊ प्रवाळांनी पाण्यात सोडलेली रसायने त्याने कमी होतात. तिसरा, अंग पांढरे पडले असेल तर प्रकाश कमी करून आठवड्या-आठवड्याने हळूहळू वाढवणे. चौथा उपचार, हात टाकीबाहेर ठेवणे. यंत्रे विकत मिळतात, मीठ मिळते, कोळसा मिळतो. हा चौथा उपचार कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि पुष्कळ ॲनिमोनी त्याच्याच अभावी दगावतात. बोटाने ढोसून जिवंत आहे का पाहणे, उताणी पडली म्हणून सरळ करणे, चांगली दिसत नाही म्हणून चांगली दिसेल तिथे ठेवणे, हे सगळे प्रेमापोटी होते. दंशपेशींचा मारा प्राणिसृष्टीतल्या अतिवेगवान हालचालींत गणला जातो, पण माणसाच्या तळहाताची कातडी जाड असल्यामुळे त्याला बहुधा नुसता चिकटपणा जाणवतो. निसर्गाने इथे थोडी अधिक कडक भूमिका घेतली असती तर ॲनिमोनीचे आयुर्मान वाढले असते.

प्रतिजैविकांचा मार्गही आहे. संसर्ग झालेली ॲनिमोनी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून, रोज पाणी बदलून, सिप्रोफ्लॉक्सासिन देण्याची पद्धत जाणत्या हौशींत रुळलेली आहे. तिच्यात ‘वेगळ्या टाकीत’ आणि ‘रोज पाणी बदलून’ हे शब्द सिप्रोफ्लॉक्सासिनइतकेच महत्त्वाचे आहेत. कपाटात कोणाच्या तरी पोटदुखीतून उरलेली पट्टी सापडली म्हणून ती मुख्य टाकीत चुरणे हा उपचार नव्हे. त्याने अमोनियाची वाट लावणारे जिवाणूच आधी संकटात येतात.

खाण्याच्या बाबतीत घराघरातले एकमत थक्क करणारे असते: कोणताही जीव मलूल दिसला तर तो भुकेलेला आहे. ॲनिमोनीला हे लागू नाही. ताणाखालची ॲनिमोनी घास घेते, पचवू शकत नाही, थोड्या वेळाने ओकून टाकते. तो घास पाण्यात कुजतो आणि अमोनिया वाढतो. म्हणजे ताणावर उपाय म्हणून दिलेले खाणे ताणाचे कारण होऊन परत येते. तिचे तोंड मिटलेले, संस्पर्शक चिकट आणि अंग भरलेले दिसू लागले की मग आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढा कोलंबीचा किंवा माशाचा कच्चा तुकडा पुरे होतो. मीठ-हळद लावू नये. बाजारात कोळणीसमोर उभे राहून एवढ्याशा कामाची कोलंबी मागणे हे हिमतीचे काम आहे. अनुभवी लोक घरासाठी अर्धा किलो घेतात आणि त्यातली एक गुपचूप बाजूला काढतात. तुकडा चिमट्याने संस्पर्शकांवर ठेवला की ॲनिमोनी तो सावकाश तोंडाकडे नेऊ लागते, आणि तेवढ्यात आजवर तिच्याकडे न फिरकलेला क्लाउनफिश येऊन तो पळवतो.

ॲनिमोनीला एकच निर्णय घेता येतो, तो म्हणजे जागा सोडण्याचा. पाय खडकाच्या खाचेत, अंग प्रकाशात आणि भोवती मध्यम प्रवाह, एवढे जमले की ती एका जागी दीर्घकाळ राहते. नाही जमले तर चालू लागते. मालकाने तिच्यासाठी जागा निवडलेली असते टाकीच्या मधोमध, सोफ्यावरून नीट दिसेल अशी. ती रात्रीतून खडकाच्या मागे जाते, जिथे ती फक्त भिंतीला दिसते. तिला परत मधे आणले की ती परत जाते. या वादात ती कधीच हरत नाही, कारण तिला दुसरे काही काम नसते. चालण्यात खरा धोका पंपाचा. पाणी ओढणाऱ्या तोंडाशी पोहोचलेली ॲनिमोनी पात्यांत सापडते, तिचे तुकडे होतात आणि ते टाकीभर पसरतात. म्हणून पंपांना स्पंज किंवा जाळी बसवणे हे ॲनिमोनी आणण्याआधीचे काम आहे. ते बहुधा पहिल्या अपघातानंतर होते. तिला हलवणे अटळच असेल तर ओढू नये, पाय फाटतो आणि फाटलेला पाय जिवावर बेतू शकतो. खडकासकट उचलावे, किंवा पिचकारीने पाण्याचा हलका झोत पायाच्या कडेवर सोडत राहावे आणि ती स्वतःहून पकड सोडेपर्यंत थांबावे. यात संध्याकाळ जाते. ॲनिमोनीची नव्हे.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. फिरती ॲनिमोनी वाटेतल्या प्रवाळांना डंख करत जाते, त्यामुळे तिच्या ताणाचे बिल इतरांच्या नावे फाटते. दोन वेगवेगळ्या जातींच्या ॲनिमोनी एका टाकीत सहसा सुखाने नांदत नाहीत. तब्येत नाजूक असताना क्लाउनफिशची मोठी मादी तिच्यात अखंड लोळत असेल तर मधे काही दिवस जाळीचा आडोसा करावा. प्रेम दोन्हीकडून असले तरी एक बाजू मऊ आहे.

या सगळ्या काळजीच्या पार्श्वभूमीवर टाकीत आणखी एक ॲनिमोनी सुखाने वाढत असते. तिला कोणी आणलेले नसते. खडकाबरोबर लपून आलेली ही ऐप्टेझिया करड्या-तपकिरी रंगाची, दोन-चार सेंटिमीटरची आणि कुठल्याही पाण्यात तग धरणारी असते. तिला चिलर लागत नाही, कोलंबी लागत नाही, नायट्रेटचे सोयरसुतक नाही. तिला खरवडून काढले की मागे राहिलेल्या चिमुकल्या तुकड्यांतून नव्या उगवतात. तिच्यावर लिंबाचा रस, उकळते पाणी, चुन्याची पेस्ट, सगळे प्रयोग होतात. पेपरमिंट कोलंबी आणि बर्गिया नावाची गोगलगाय तिला खातात. त्यांतली बर्गिया दुसरे काही खातच नाही, त्यामुळे ऐप्टेझिया संपली की तीही उपाशी मरते. जिच्यासाठी रात्री जागरण होते ती खंगत जाते आणि जिच्या नाशासाठी पैसे मोजले जातात ती प्रसन्न दिसते. शिकवण अशी की ॲनिमोनी हा प्राणी मुळात नाजूक नाही. एका जातीला लागणारी परिस्थिती तिला देणे अवघड आहे, एवढेच.

आजाराचा शेवट तीन प्रकारे होतो. पहिला, मृत्यू. मेलेली ॲनिमोनी ताबडतोब काढून, कोळसा बदलून, पाणी बदलावे; शोक नंतर करावा, नाहीतर वाढलेल्या अमोनियामुळे शोक करण्याजोगे आणखी जीव मिळतात. दुसरा शेवट चमत्कारिक आहे. बबल टिप कधी ताणामुळे आणि कधी खाऊनपिऊन तृप्त असताना मधोमध दुभंगते. मालकाला आदल्या रात्री फाटलेले तोंड दिसते, तो आशा सोडतो, आणि दोन दिवसांनी खडकावर दोन ॲनिमोनी असतात. दोन झाल्या की मालक तज्ज्ञ होतो आणि एक कोणाला तरी भेट देऊन तिच्यासोबत न मागितलेला सल्लाही देतो. तिसरा शेवट म्हणजे ती बरी होते. याला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही.

बरी झालेली ॲनिमोनी किती जगते, हा पुढचा प्रश्न. दिवाणखान्यात समुद्र मांडण्याची हौस इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फोफावली. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ साली आले आणि सुशिक्षित कुटुंबे बरण्या घेऊन किनाऱ्यांवर लोटली. त्या धाडींनी खडकातली डबकी कशी ओस पडली याची खंत गॉस यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ साली लिहून ठेवली. त्याआधीच, १८२८ साली, सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल ॲनिमोनी उचलून बरणीत ठेवली होती. ही जात ओहोटीच्या खडकांवरची, अंगात शैवाल न बाळगणारी. तिला दिवे लागत नाहीत. बरणीतले समुद्राचे पाणी बदलायचे, अधूनमधून कालवाच्या जातीचा एखादा तुकडा द्यायचा, एवढीच तिची बडदास्त. १८५१ मध्ये डॅलियेल वारले. ॲनिमोनी प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेली. १८५७ मध्ये तेही वारले. पुढे हात बदलत ती एडिनबराच्या वनस्पती उद्यानात पोहोचली, लोक तिला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणू लागले, तिला शेकडो पिल्ले झाली, आणि ती मेली १८८७ साली. बरणीत ५९ वर्षे काढल्यावर.

तशीच काटक बिरादरी मुंबईतही आहे. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी ॲनिमोनी दिसतात. तिथे दिवसातून दोनदा पाणी ओसरते, ऊन तापते, पावसाळ्यात गोडे पाणी कोसळते आणि शहर आपले सांडपाणी सोडत असते. त्या आकसून बसतात आणि भरती आली की उघडतात. प्रवाळभिंतीवरच्या बबल टिपला एवढे सोसत नाही, पण आकसणे म्हणजे मरणे नव्हे हा नियम तिलाही लागू आहे.

ॲनिमोनीवर वार्धक्याच्या खुणा सहसा दिसत नाहीत, पाळणाऱ्यावर दिसतात. म्हणून ती बरी होऊन खडकावर स्थिरावली की शेवटचे काम उरते ते वारस नेमण्याचे. त्याला सूचना चारच द्याव्या लागतात: उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालावे, पंपाची जाळी काढू नये, आठवड्याला नखाएवढी कोलंबी द्यावी आणि रात्री अकराला ती आकसलेली दिसली तर सकाळपर्यंत थांबावे. पहिल्या तीन कोणीही पाळतो. वारस निवडावा तो चौथीवरून.